तिसऱ्या फेऱ्यातले दोन सूर

सोमवार, ४ फेब्रुवारी

टिचके,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं. तुझ्या व्हायोलिनला मी हात लावलेला नाही. कपाटावर ठेवून गेलीस तिथेच आहे. तारा तेवढ्या सैल केल्या, थंडीत तुटतील म्हणून. आणि धूळ पुसली. म्हणजे हात लावला. बरं, लावला. पुढे?

पत्ता तुझ्या बापाने दिला नाही. त्याच्या डब्याच्या पिशवीत तुझं कार्ड होतं, त्यावरून उतरवून घेतला. अख्ख्या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त करतो तो, पण घरातल्या दोन बायकांना एका मजल्यावर आणणं त्याला पाच महिन्यांत जमलेलं नाही. तुझं नाव काढलं की ताटात बघतो. ताटात काय असतं बघण्यासारखं? बटाटे.

कार्डात लिहिलंयस, पावाच्या भट्टीत पाकिटं बांधते, हाताला काम आहे, डोक्याला नाही, बरं चाललंय. ते वाचलं आणि दिवसभर मी कोणाशी बोलले नाही. खालच्या शिंपिणीशी भांडले, तेवढंच.

डाव्या हाताच्या बोटांची टोकं बघ जरा दाबून. तारांनी झालेली ती जाड कातडी पाच महिन्यांत मऊ पडते. पडली असेल. मला काय त्याचं. तुझी बोटं.

मी त्या दिवशी जे बोलले त्याबद्दल लिहायला बसलेले नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, एका पानाला अख्खी दुपार लागते. ती दुपार भांडणावर घालवणार नाही. जेवतेस का, एवढं कळव. तू गेल्यापासून माझं मीठ चुकतंय. तुझा बाप काही बोलत नाही, गिळतो. तू असतीस तर पहिल्या घासालाच म्हणाली असतीस, "आजी, समुद्र आणलास का?"

आशीर्वाद.

आजी

सोमवार, ११ फेब्रुवारी

टिचके,

उत्तर नाही. ठीक आहे. टपालवाल्याला म्हटलं, माझं पत्र तुम्ही कुठेतरी पाडलंत. तो म्हणाला, "पोचलं असणार, आजी. लोक उत्तर देत नाहीत त्याला आमचं खातं काय करणार?" तोंडाळ आहे. मला आवडला.

काल जेवणाआधी अर्धा तास वाजवलं. सवय. आपल्या घरात आधी वाजवणं, मग जेवण. माझे सासरे म्हणायचे, पोट भरलेला माणूस वाजवत नाही, जांभया देतो. म्हणून बाहेरच्या खोलीत पुरुषांचा रियाज आणि आत चुलीवर स्वयंपाक, दोन्ही एकाच वेळी चालायचं. तुला वाटायचं ही मोठी शिस्त आहे. अगं, ती भूक होती. कांद्याचा वास सुटला की माझे दीर लय वाढवायचे. लवकर संपलं की लवकर जेवण.

पुढे मी आणि तुझे आजोबा स्टेशनजवळच्या हॉटेलात वाजवायला लागलो, तेव्हा ते उलटं झालं. जेवायचं लोकांनी, बघायचं आपण. बत्तीस वर्षं. लोक सूप पीत असले की संथ वाजवायचं, नाहीतर ते अंगावर सांडतात आणि शिव्या आपल्याला. हाडं चोखत असले की जोरात, म्हणजे त्यांचा आवाज झाकला जातो आणि बिचाऱ्यांना लाज वाटत नाही. हे तुला मी शिकवलं. कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि सगळ्यात शेवटी आपली पाणचक्कीची धून. गोल गोल फिरणारी, पाच फेऱ्यांची. तिसऱ्या फेऱ्यात आपण थांबलो की सगळ्या टेबलांवरचे चमचे थांबायचे. एवढंसंच थांबायचं, दोन सुरांएवढं, चक्की अडल्यासारखं. मग पुन्हा पाणी पडायला लागायचं. एका पेपरवाल्याने लिहिलं होतं, या घराण्याच्या शांततेतही पाणी ऐकू येतं. ते कात्रण तू दप्तरात घेऊन फिरायचीस.

तर सप्टेंबरात वाद्यवृंदाच्या त्या चार शहाण्यांनी परीक्षेत तुला नेमकं तिथेच अडवलं. म्हणाले, दोन सूर गाळलेस. तू मान ताठ करून म्हणालीस, "हे आमच्या घरचं आहे, पणजोबांपासूनचं." मग त्यांनी तुझ्या पणजोबांचीच जुनी टेप काढून लावली. तिच्यात कोणी थांबलेलं नव्हतं. ते हसले. तू घरी आलीस, बूटही न काढता मला विचारलंस, "आजी, खरं काय?"

मी काय म्हणाले ते तुला माहीत आहे.

पण टेप बिघडते की नाही? बिघडते. शिंपिणीच्या नवऱ्याकडे एक होती, तिच्यात बायका पुरुषी आवाजात गायच्या.

भट्टीत शिळा पाव घरी नेऊ देतात का? देत असतील तर दुधात बुडवून तव्यावर भाज. नुसता खाऊ नकोस, पोटाला बसतो.

आजी

बुधवार, २० फेब्रुवारी

टिचके,

काल तुझा बाप बोलला. चमचा खाली ठेवून बोलला. वाद्यवृंदात मागच्या रांगेतली एक खुर्ची रिकामी आहे, बावीस मार्चला पुन्हा ऐकणार आहेत, आणि तुला पत्र पाठवून बोलावलंय, असं म्हणाला. तू नाही म्हणून कळवणार आहेस. का, तर म्हणे, "मला शिकवलेलं काय खरं आणि काय खोटं, तेच कळत नाही. हात उचलला की शंका येते."

एवढं सांगून तो ताट उचलून गेला. त्याच्या बापाची पाठ अशीच दिसायची.

म्हणून लिहिते. एका दमात लिहिते, मध्ये उठले तर पुन्हा बसणार नाही.

टेप बिघडलेली नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची. या घरात सुनांना वाजवायला शिकवत नसत. सासरे वाईट नव्हते, त्यांच्या ते डोक्यातच आलं नाही. टेबलाला शिकवावं असं कोणाच्या डोक्यात येतं? मी आत चुलीपाशी, ते बाहेर. मध्ये भिंत. कांदा परतता परतता धुना ऐकल्या आणि ऐकून ऐकून पाठ झाल्या. ताटाच्या काठावर बोटं चालवून बघायची. तुझ्या आजोबांनी एकदा ते पाहिलं. मग वडील बाहेर पडले की ते माझ्या हातात व्हायोलिन द्यायला लागले. चाल येतच होती, बोटांना जागा तेवढ्या दाखवायच्या होत्या.

पाणचक्कीची धून रोज त्याच वेळी यायची. तिसरा फेरा आला की कांदा तळाला लागायला लागायचा, आणि मी उलथनं घालून खरवडायची. लोखंडाची कढई, लोखंडाचं उलथनं. त्या आवाजात ते दोन सूर मला एकदाही ऐकू आले नाहीत. मला वाटलं तिथे काही नाहीच, तिथे थांबतात.

एवढंच आहे तुझं घराणं. कांदा जळू नये म्हणून.

मला ते कळलं तिसऱ्या वर्षी. सासरे गेले होते, आम्ही नुकते हॉटेलात वाजवायला लागलो होतो. थोरली जाऊ जेवायला आली आणि भरल्या हॉटेलात म्हणाली, "कढईपाशी शिकलीय ना, म्हणून गाण्याला भोकं पडलीत." सगळे हसले. मीही हसले, दात दाखवून. त्या दिवशी ठरवलं, जीव गेला तरी कबूल करायचं नाही. जो विचारेल त्याला सांगितलं, सासऱ्यांनी शेवटच्या दिवसांत धून अशी बसवली होती. ते नाही म्हणायला येणार नव्हते. पुढे तो पेपरवाला आला आणि माझं खोटं छापून गेला.

तुझ्या बापाला तसंच शिकवलं, त्याने विसाव्या वर्षी वाजवणं सोडलं म्हणून तो वाचला. मग तुझी आई गेली, तू चार वर्षांची, तू माझ्या वाट्याला आलीस. सात वर्षांची असताना तू एकदा तिथे न थांबता पुढे गेलीस. आपल्या मनाने काहीतरी घातलंस तिथे, दोन सूर, हसत. मी तुझ्या मनगटावर पट्टी मारली. तुला आठवत नसेल. मला आठवतं.

आणि सप्टेंबरात तू खरं विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "तुझंच बोट घसरलं असेल आणि आता घराण्याच्या नावावर खपवतेस." तुझं बोट घसरलं नव्हतं. ते हसणं माझ्या वाट्याचं होतं, ते मी तुझ्या ताटात वाढलं.

माफी कशी मागतात मला माहीत नाही. कोणाची मागितली नाही. तुझ्या आजोबांवर रागावले तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या आवडीचं करायची, त्यावर भागायचं. तुझ्यासाठी टपालाने काय करून पाठवू?

परीक्षेला जा. ती धून नको वाटली तर दुसरी वाजव. बाकीच्या सगळ्या मी शिकवल्या त्या खऱ्या आहेत. त्या वेळी कांदा नव्हता.

आजी

शनिवार, २ मार्च

टिचके,

दहा दिवस वाट पाहिली. मग काल उठले, चांगलं लुगडं नेसले आणि वाद्यवृंदाच्या कचेरीत गेले. तुला न विचारता. रागाव.

दोन मजले चढून जायचं आणि वर लिफ्ट बंद. तुझ्या बापाला सांगितलं पाहिजे. आत एकावर एक रचलेल्या खुर्च्या, भिंतीला टेकवलेली मोठी वाद्यं आणि लाकडाच्या पॉलिशचा वास. तुला हसणाऱ्या चौघांतला तो जाड चष्मेवाला टेबलाशी डबा खात होता. मला बघून तोंड पुसलं.

"काय काम होतं, आजी?"

"तुम्ही माझ्या नातीला हसलात. माणूस चुकला तुमचा. मी आलेय, आता हसा."

उभाच राहिला गं तो. मी बसले, कारण पाय दुखत होते, आणि सगळं सांगितलं. कांदा, कढई, जाऊ, पेपरवाला. मला वाटलं होतं, हसेल. तो डब्याचं झाकण लावत बसला, लागत नव्हतं तरी.

मग म्हणाला, "तुम्ही ती टेप ऐकलीय का?"

"ऐकायची काय गरज? काय आहे तिच्यात ते मला माहीत होतं."

"तरी ऐका."

लावली. काय वाजवायचा गं म्हातारा! मी विसरले होते. आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं ते त्याच्या एका हाताचं. पहिला फेरा, दुसरा फेरा. तिसऱ्याला मी खुर्चीचा हात धरला. आणि ते दोन सूर आले.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी ऐकले मी. विशेष नाहीत. लहान आहेत. जिना संपला असं वाटून पाय टाकावा आणि खाली अजून दोन पायऱ्या निघाव्या, तसे. पण ते असले की पुढचा फेरा कुठून आला ते कळतं. आमच्यात तो नुसताच यायचा. धून त्यांनीच चांगली होते, टिचके. बावन्न वर्षं ती मी भोक पाडून वाजवली.

आणि त्या सुरांच्या खाली एक खर्र, खर्र असा आवाज. चष्मेवाला म्हणाला, "तिथे जरा खरखर आहे. टेप जुनी झालीय."

मी म्हटलं, "टेप नाही ती. ती मी आहे."

रेडिओवाले घरी मोठं मशीन घेऊन आले होते, मी नवी नवरी. सासऱ्यांनी बजावलं होतं, आज आत भांडं वाजता कामा नये. पण कांदा थांबतो का? मी हळूच परतला. मला वाटलं कोणाला कळलं नाही.

त्याने टेप मागे घेतली. पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. तिसऱ्यांदा चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला, "नातीला सांगा, बावीस तारखेला यायचं आहे."

"मी काय सांगणार? ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही लिहा."

"लिहितो."

"आणि हसलात त्याबद्दलही लिहा."

"तेही लिहितो, आजी."

घरी यायला उशीर झाला, तुझ्या बापाने अंडी उकडून ठेवली होती. कडक झाली होती. सगळी खाल्ली.

आजी

रविवार, १० मार्च

टिचके,

तुझं कार्ड आलं. सहा महिन्यांनी एक ओळ. "आजोबांना माहीत होतं का?" ना नमस्कार, ना खुशाली. माझीच नात. शिंपिणीला दाखवलं, तीन वेळा.

माहीत होतं. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर वाजवलं आणि तिसऱ्या फेऱ्याला थांबले, तेव्हाच त्यांना कळलं असणार. त्यांना ती धून लहानपणापासून येत होती, त्यांना कोण फसवणार? पण ते काही बोलले नाहीत. तेही थांबले. जाऊ बोलली त्या दिवशी घरी येऊन मी त्यांच्यावर ओरडले, तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? म्हणाले, "तू इतक्या खात्रीने थांबलीस, मला वाटलं माझंच चुकतंय." खोटं बोलत होते. बोलता येत नसे त्यांना, कान लाल व्हायचे.

मी म्हटलं, आता तरी ते सूर दाखवा. म्हणाले, दाखवतो. आणि मीच म्हटलं, नको. दाखवले असते तर जाऊ खरी ठरली असती. पुन्हा विषय निघाला नाही. हॉटेलात, घरात, कुठेही, माझ्याबरोबर वाजवताना ते माणूस तिथे थांबायचं.

एक गोष्ट मी तुला सांगणार नव्हते. ते गेले त्याच्या तेराव्या-चौदाव्या दिवशी शिंपीण वर आली. बसली, उगाच इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "तुम्ही भाजी आणायला बाहेर पडलात ना, की ते ती धून वेगळी वाजवायचे. मध्ये न थांबता. मग जिन्यात तुमचे पाय वाजले की बंद." मी तिला म्हटलं, तू शिवण शिव, कान कशाला लावतेस. त्यावरून आमचं बोलणं महिनाभर बंद होतं.

त्यांना ते दोन सूर आवडायचे, टिचके. आणि माझ्यासाठी त्यांनी ते भाजीच्या वेळेपुरते ठेवले. मी भाजी पटकन आणायची. जरा रेंगाळले असते तर काय बिघडलं असतं.

तुझं व्हायोलिन तुझ्या बापाबरोबर पाठवतेय, गुरुवारी. तारा नव्या घातल्यात. खालची तार दोन दिवस उतरत राहील, तिला वेळ दे. सोबत डब्यात काही नाही. माझं मीठ अजून ठिकाणावर नाही.

कसं वाजवायचं ते मला विचारू नकोस. थांब, नाहीतर थांबू नकोस. या वेळी कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तुला माहीत आहे.

आजी

सोमवार, २५ मार्च

टिचके,

शनिवारी शिंपिणीने जिन्यातून हाक मारली, "आजी, फोन! नात!" मी एवढ्या जोरात उतरले की गुडघा आजही सुजलाय. आणि खाली जाऊन काय बोलले, तर "हॅलो" आणि "जेवलीस का". शिंपीण शिवणयंत्रावर बसून सगळं ऐकत होती, पाय न हलवता. म्हणून आता लिहिते.

खुर्ची मिळाली. शेवटची का असेना. खांबामागची आहे म्हणालीस, तर बरंच आहे, जांभई दिलीस तरी दिसणार नाही. तुझ्या बापाला सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी कपाटातून स्वतःचं जुनं व्हायोलिन काढून बसला. त्याला तारा उचलून धरणारी घोडीच नाही. तरी मांडीवर घेऊन बसला होता.

मी तुला फोनवर विचारलं नाही, तूच सांगितलंस. पाणचक्की वाजवली, आणि पूर्ण वाजवली, दोन्ही सूर घेऊन. त्यावर मी म्हटलं, जेवलीस का. तुला वाटलं असेल म्हातारीला राग आला.

खोटं कशाला लिहू, मला ते लागलं. इतकी वर्षं ज्या जागी लोक श्वास रोखून धरायचे, ती जागा आता बुजली. माझ्यानंतर तिथे कोणी थांबणार नाही. जिना चढून वर आले, दार लावलं, आणि जरा वेळ बसले. मग उठून कांदा चिरला, म्हणजे डोळ्यांना कारण मिळतं.

पण तू बरोबर केलंस. सात वर्षांची असताना जे करायला गेलीस तेच केलंस.

काल मी एकटीच वाजवून बघितलं. सूर कुठे आहेत ते आता माहीत आहे, कानात आहेत. पण बोटं जात नाहीत. तिसरा फेरा आला की आपोआप थांबतात, जशी म्हशीला तिची वळणाची जागा माहीत असते. सोळा वेळा केलं. सोळाही वेळा थांबले. सतराव्यांदा व्हायोलिन ठेवून दिलं आणि तुझ्या बापावर ओरडले.

रविवारी तुला सुट्टी असते म्हणालीस. ये. जेवणाआधी ये, आणि ते दोन सूर मला शिकव. मी लवकर शिकणार नाही. पुन्हा पुन्हा तिथेच थांबेन, तू सांगितलंस तरी थांबेन, आणि वर तुझंच चुकलं म्हणेन. तेव्हा माझ्यावर ओरडू नकोस. बाकी सगळ्यात माझ्यावर गेलीस ते गेलीस, एवढ्या एका बाबतीत जाऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच.

आजी